घरच्या आजाऱ्यासाठी नोकरी सोडताना पेन्शनची वर्षं कशी वाचवायची?

पांदणवाट

नमस्कार मंडळी. गावोगावी सारखा येणारा प्रश्न आहे, म्हणून वेगळा धागा काढतोय.

घरात कोणाला लकवा मारला, कॅन्सर निघाला किंवा लेकरू अपंग असलं, की घरातलं एक माणूस काम सोडतं. बहुतेक वेळा सून, लेक किंवा आई. काम सोडलं की दोन महिन्यांनी कोणीतरी सांगतं, "पीएफ काढून टाका, पेन्शनचेही पैसे काढून टाका, पडून राहून काय उपयोग?" ऑनलाइन अर्ज करून देणारेही दोन्ही फॉर्म एकदमच भरून देतात.

एक उदाहरण घेऊ. बाई ४६ वर्षांच्या. वर्धा जिल्ह्यातल्या एका सूतगिरणीत ८ वर्षं ९ महिने सेवा, पीएफ कापला जाणारा पगार १२,०००. सासू अंथरुणाला खिळली म्हणून काम सोडावं लागतंय. अशा बाईंनी काय करावं? या काळजी घेण्याच्या वर्षांची पेन्शनमध्ये कुठे नोंद होते का? जाणकारांनी नेमकं सांगावं, म्हणजे पुढच्याला हा धागा दाखवता येईल.

---

संत्राबाग

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते छोटं आहे. नाही. आपल्याकडे ईपीएस (पीएफसोबत चालणारी कर्मचारी पेन्शन योजना) असो की सरकारी पेन्शन, घरच्या माणसाची सेवा केली म्हणून एक दिवसही सेवेत जोडला जात नाही. ब्रिटनमध्ये आठवड्याला २० तास किंवा जास्त वेळ आजारी-अपंग माणसाची काळजी घेणाऱ्याला एप्रिल २०१० पासून राज्य पेन्शनच्या खात्यात त्या काळाचं श्रेय मिळतं, म्हणजे हप्ता न भरताही वर्ष मोजलं जातं. तिथे पूर्ण पेन्शनला ३५ वर्षं लागतात, त्यामुळे अशा वर्षांना मोठी किंमत आहे. असं कलम आपल्याकडे यायलाच हवं, पण आज ते नाही. म्हणून जी वर्षं कमावली आहेत ती हातची जाऊ न देणं, एवढंच आपल्या हातात आहे.

---

कपाशीचं_बोंड

पांदणवाट भाऊंच्या उदाहरणाचा हिशोब मांडते.

पगार १२,००० असेल तर बाईंच्या पगारातून १२ टक्के, म्हणजे १,४४० कापले जातात. ते सगळे पीएफमध्ये. मालकाचेही १,४४०, पण त्यांचे दोन भाग होतात. ८.३३ टक्के म्हणजे १,००० रुपये पेन्शन फंडात आणि उरलेले ४४० पीएफमध्ये. (पेन्शनसाठी पगाराची मर्यादा १५,००० धरतात, म्हणून मालकाचा पेन्शनचा हिस्सा कितीही पगार असला तरी १,२५० च्या वर जात नाही.) पासबुक उघडलं की तीन रकाने दिसतात: कर्मचारी, मालक, पेन्शन. पहिल्या दोन रकान्यांवर व्याज लागतं, तिसऱ्यावर लागत नाही. गैरसमजाची सुरुवात इथेच होते. तिसऱ्या रकान्यात लाखभर दिसतात, व्याज दिसत नाही, मग माणसाला वाटतं की हे पैसे कुजतायत. पण पेन्शन त्या रकान्यातल्या आकड्यावरून निघतच नाही. ती सूत्रावर निघते:

पेन्शनयोग्य पगार × पेन्शनयोग्य सेवा ÷ ७०

पेन्शनयोग्य पगार म्हणजे शेवटच्या ६० महिन्यांची सरासरी. सेवा म्हणजे वर्गणी भरलेली वर्षं. महिन्याची पेन्शन मिळायला १० वर्षं लागतात, आणि ती ५८ व्या वर्षापासून मिळते.

आता नीट बघा. ६ महिने किंवा जास्तीचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात, ६ महिन्यांच्या आतला सोडून देतात. म्हणजे १० वर्षांसाठी प्रत्यक्षात ९ वर्षं ६ महिने पुरतात. बाईंचे ८ वर्षं ९ महिने झालेत. कमी पडतायत फक्त ९ महिने.

पेन्शनचे पैसे काढले, तर ढोबळमानाने दर वर्षाच्या सेवेला एक महिन्याचा पगार मिळतो. इथे ते १ लाख ८ हजारांच्या आसपास येतील. न काढता पुढे कधीतरी ९ महिने भरून काढले, तर १२,००० × १० ÷ ७० = १,७१४ रुपये महिना, तहहयात. १ लाख ८ हजार म्हणजे त्या पेन्शनचे ६३ महिने, सव्वापाच वर्षं. ५८ नंतर सव्वापाच वर्षं म्हणजे वय ६३. त्यापुढचं सगळं वरचं. शिवाय बाईंच्या मागे नवऱ्याला पेन्शन. ती निम्मी असते, निम्मी म्हणजे ८५७, पण सप्टेंबर २०१४ पासून किमान पेन्शन १,००० आहे, त्यामुळे १,००० मिळतील.

१,७१४ ही काही मोठी रक्कम नाही, हे मलाही कळतं. पण म्हातारपणी बाईच्या स्वतःच्या नावावर, स्वतःच्या खात्यात दर महिन्याला येणारा पैसा फार थोड्या घरांत असतो.

---

पांदणवाट

ताई, हिशोब एकदम स्पष्ट झाला. पण दवाखान्याला आत्ता पैसे लागतायत, त्याचं काय?

---

कपाशीचं_बोंड

पीएफ काढा, पेन्शन ठेवा. हे दोन वेगळे फॉर्म आहेत. फॉर्म १९ पीएफसाठी, फॉर्म १०सी पेन्शनच्या हिश्श्यासाठी. फक्त १९ भरला तर पीएफ व्याजासकट हातात येतो आणि पेन्शनची सेवा जशीच्या तशी राहते. फॉर्म भरून देणाऱ्याला आधीच ठासून सांगा: "फक्त १९, १०सी नको." ओटीपी देण्याआधी स्क्रीनवर कोणता फॉर्म निवडलाय तो स्वतः वाचा. ओटीपी गेला की परत फिरणं अवघड.

अजून एक. नोकरी अजून सोडलेली नसेल तर फॉर्म ३१ ने आजारपणासाठी पीएफमधून अग्रिम मिळतो. तो स्वतःच्या आजारासाठी असतो तसाच नवरा-बायको, मुलं, आईवडील यांच्या आजारासाठीही असतो. परत फेडावा लागत नाही, पेन्शनच्या रकान्याला हात लागत नाही. केवळ पैशासाठी राजीनामा देण्याची पाळी यामुळे टळू शकते.

---

झाडीपट्टी

कर कापला जाण्याचा मुद्दा राहिला जी. सलग सेवा ५ वर्षांच्या आत असेल आणि पीएफ ५०,००० पेक्षा जास्त निघत असेल, तर १० टक्के टीडीएस कापतात. पॅन जोडलेला नसेल तर जास्त. स्वतःच्या तब्येतीमुळे नोकरी सुटली तर सूट आहे, पण घरच्याच्या आजारासाठी सोडली तर ती सूट लागू होत नाही. काळजी घेणाऱ्याला कायद्यात जागा नाही ती अशी. ५ वर्षं भरायला दोन-तीन महिने उरले असतील तर तेवढं थांबून पाहावं.

---

गाविलगड

१०सी म्हणजे पैसे काढण्याचाच फॉर्म, असं सगळे समजतात. त्या फॉर्मचं शीर्षकच मुळात "पैसे परत किंवा स्कीम सर्टिफिकेट" असं आहे. कागदी फॉर्मवर दोन पर्याय असतात. एकावर खूण केली की पैसे मिळतात आणि सेवा शून्य होते. दुसऱ्यावर खूण केली की स्कीम सर्टिफिकेट येतं. त्यावर तुमची झालेली सेवा, पगार आणि कुटुंबातल्या माणसांची नावं छापलेली असतात. पुढे कुठेही पीएफ लागू असलेल्या जागी लागलात की ते देऊन जुनी सेवा नव्याला जोडायची.

१० वर्षांच्या आत सेवा असेल तर सर्टिफिकेट काढणं सक्तीचं नाही. काही न करता ठेवलं तरी सेवा यूएएनवर (पीएफ सदस्याचा कायमचा क्रमांक) राहते, नव्या ठिकाणी लागल्यावर फॉर्म १३ ने ट्रान्सफर करता येते. तरी माझं मत विचाराल तर सर्टिफिकेट काढावं. कारखाने बंद पडतात, ठेकेदार बदलतात, जुने कागद सापडत नाहीत. कागद हातात असला की वाद घालावा लागत नाही.

१० वर्षं (म्हणजे साडेनऊ) भरली असतील तर पैसे काढायचा पर्यायच नाही. सर्टिफिकेट घ्यायचं आणि ५८ ला पेन्शन मागायचा फॉर्म १०डी भरायचा. ५० नंतर लवकर पेन्शन घेता येते, पण ५८ ला जेवढी वर्षं कमी तेवढ्या वर्षांचे प्रत्येकी ४ टक्के कापतात. ५४ ला घेतली तर १६ टक्के कमी, आणि ती कायमची कमी. उलट ६० पर्यंत थांबलात तर वर्षाला ४ टक्के वाढ. सेवा करायला घरी बसलेल्या माणसाला ५० ला पेन्शनचा मोह होतो, तो समजण्यासारखा आहे. पण दुसरी काही सोय असेल तर थांबा.

---

वैनगंगा

पैसे काढणं कधी योग्य, तेही सांगितलं पाहिजे. नाहीतर लोक सरसकट धरून बसतील.

वय ५३, सेवा ३ वर्षं, परत कामाला जाण्याची शक्यता नाही. अशा माणसाचे १० होणारच नाहीत. ५८ ला त्याला तसंही फक्त पैसे परतच मिळणार, आणि ते सोडतानाच्या पगारावर ठरतात, मधल्या वर्षांचं व्याज नाही. मग ठेवण्यात नुकसानच. काढून घ्यावेत.

माझा साधा ठोकताळा: ५८ ला अजून किती वर्षं आहेत, आणि साडेनऊ वर्षांना किती महिने कमी पडतायत? दुसरा आकडा दोन-अडीच वर्षांच्या आत असेल आणि वय पन्नाशीच्या आत असेल, तर डोळे झाकून ठेवा. आजारपण कायमचं नसतं. आजाऱ्याची सेवा संपल्यावर घरातली बाई परत कामाला निघते, तेव्हा ही वर्षं कामी येतात.

---

पांदणवाट

काढण्यासाठी दोन महिने थांबावं लागतं, ते अजून तसंच आहे का?

---

वैनगंगा

ऑक्टोबर २०२५ मध्ये ईपीएफओच्या (पीएफ चालवणारी सरकारी संस्था) केंद्रीय विश्वस्त मंडळाने मुदत वाढवायचं ठरवलं. पूर्ण पीएफ काढायला २ ऐवजी १२ महिने, पेन्शनचा हिस्सा काढायला २ ऐवजी ३६ महिने. तुम्ही अर्ज कराल त्या दिवशी पोर्टल जी मुदत लावेल ती खरी, त्याप्रमाणेच घरखर्चाचं गणित बसवा. आणि ३६ महिने ही मुदत माझ्या मते काळजी घेणाऱ्यांच्या फायद्याचीच आहे. पहिल्या दोन महिन्यांत माणूस भेदरलेला असतो आणि सगळं मोडून टाकतो.

---

पऱ्हाटी

जिनिंग-प्रेसिंगचं विचारायचं होतं. यवतमाळ, अकोला, वर्धा भागात कापसाच्या हंगामात चार-पाच महिने काम, मग बंद. पीएफ कापला जातो. अशा बाईची १० वर्षं कधी भरायची? महिने मोजले तर जन्म जाईल.

---

गाविलगड

चांगलं विचारलंत. ईपीएस १९९५ मध्ये हंगामी कामगारासाठी खुलासा आहे: हंगामी कामावर असलेल्याची वर्षातली प्रत्यक्ष सेवा वर्षापेक्षा कमी असली तरी ती पूर्ण वर्ष धरायची. म्हणजे दहा हंगाम केले तर दहा वर्षं.

अडचण कागदांवर येते. मालकाने किंवा ठेकेदाराने दर हंगामाच्या शेवटी काम सोडल्याची तारीख टाकली आणि पुढच्या हंगामात नव्या सदस्य क्रमांकाने घेतलं, की सेवा तुकड्यातुकड्यांत दिसते. कुठे कुठे तर दर वर्षी नवा यूएएन काढलेला असतो. तुकडे सुटे राहिले तर सेवेची बेरीज चुकते. यासाठी:

यूएएन एकच ठेवा. दोन असतील तर जुन्याची सेवा नव्यात ट्रान्सफर करून घ्या.

अर्जासोबत लेखी द्या की अमुक ठिकाणचं काम हंगामी होतं, आणि प्रत्येक हंगामाचं सुरू-बंद लिहा. मालकाचं पत्र मिळालं तर उत्तम.

मधल्या वर्षी पेन्शनचे पैसे काढले असतील तर त्याआधीचे हंगाम गेले, ते परत येत नाहीत.

---

झाडीपट्टी

भात गिरण्यांमध्येही असंच तपासावं. आणि गोंदिया-भंडाऱ्याकडे बिडी वळणाऱ्या बाया घरीच काम करतात, तरी त्यांना पीएफ लागू आहे. त्यांची मजुरी कमी, त्यामुळे सूत्राने पेन्शन फार थोडी येते, पण किमान १,००० ची मर्यादा असल्यामुळे त्यांनी तर पेन्शनचा हिस्सा काढूच नये. काढताना जेमतेम रक्कम मिळते. ठेवली तर महिन्याला हजार.

---

कपाशीचं_बोंड

बिनपगारी रजेचा मुद्दा कोणी काढला नाही. बरेच जण राजीनाम्याऐवजी सहा महिने बिनपगारी रजा घेतात आणि समजतात की नोकरी चालू आहे म्हणजे सेवाही चालू आहे. पगार नाही म्हणजे वर्गणी नाही, आणि ते दिवस 'एनसीपी डेज' म्हणून नोंदले जातात. पेन्शनयोग्य सेवेतून ते वजा होतात. यूएएन पोर्टलवर 'सर्व्हिस हिस्ट्री' उघडा, प्रत्येक नोकरीपुढे एनसीपीचा आकडा दिसतो. एखाद्याचे ९ वर्षं ७ महिने झालेत आणि ९० दिवस एनसीपी आहेत, तर तो ९ वर्षं ४ महिन्यांवर येतो. दहाचे नऊ झाले, पेन्शन गेली.

म्हणून सोडण्याआधी आधी भरपगारी रजा संपवा, एकदम घ्यायच्या ऐवजी आठवड्याला दोन-तीन दिवस अशा घ्या. हक्काची रजा आहे, त्यावर वर्गणी जाते आणि दिवस मोजले जातात. पांदणवाट भाऊंच्या उदाहरणातल्या बाईंना ९ महिने काढायचे आहेत. सासूबाईंजवळ घरातलं दुसरं कोणी आळीपाळीने बसलं, तर तेवढे निघूही शकतात. घरातल्या पुरुषांनी इथे हिशोब समजून घ्यावा. नऊ महिने बाईची पाळी सांभाळली तर तिची जन्माची पेन्शन वाचते.

---

पांदणवाट

हे घरोघरी वाचून दाखवण्यासारखं आहे. आता अर्ज का अडकतात ते सांगा कोणीतरी.

---

संत्राबाग

सर्वात जास्त अडकतात ते नावावर. लग्नाआधीचं नाव पीएफला, लग्नानंतरचं आधारला. वडिलांच्या जागी नवऱ्याचं नाव. जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर एक, आधारवर एक. यूएएन १ ऑक्टोबर २०१७ नंतरचा, आधार जुळवून निघालेला असेल तर बऱ्याच दुरुस्त्या सदस्य स्वतः पोर्टलवर करू शकतो. जुना असेल तर जॉइंट डिक्लरेशन, म्हणजे सदस्य आणि मालक दोघांचा दुरुस्ती अर्ज, मालकाच्या मंजुरीसह. ही दुरुस्ती नोकरीत असतानाच करून घ्या. सोडल्यावर ऑफिसातला बाबू सही द्यायला महिनोन् महिने लावतो, आणि गिरणी बंद पडली तर सही द्यायला कोणीच उरत नाही.

दुसरं, काम सोडल्याची तारीख. मालकाने टाकलीच नाही तर कुठलाच दावा पुढे जात नाही. शेवटची वर्गणी जमा झाल्यावर दोन महिन्यांनी सदस्याला पोर्टलवर 'मॅनेज' खाली 'मार्क एग्झिट' मधून ती स्वतः टाकता येते, आधारचा ओटीपी लागतो. तारीख टाकताना घाई नको. शेवटची वर्गणी ज्या महिन्याची आहे त्याच महिन्यातली तारीख घ्या. एकदा टाकली की बदलणं जिकिरीचं.

तिसरं, मोबाइल. आधारला जोडलेला नंबर बंद पडलेला असतो किंवा मुलाकडे पुण्याला असतो. ओटीपी येणार कुठे?

नागपूर किंवा अकोल्याला खेपा घालण्याआधी दर महिन्याच्या २७ तारखेला जिल्ह्यात होणाऱ्या 'निधी आपके निकट' शिबिरात जा. सुट्टी असेल तर दुसऱ्या दिवशी होतं. पासबुकची छापील प्रत, आधार, बँकेचं पासबुक, आणि तक्रार एका कागदावर लिहून न्या. तोंडी सांगितलेलं तिथेच राहतं. तक्रार क्रमांक मागून घ्या.

---

शाळामास्तर_पुसद

सरकारी आणि जिल्हा परिषदेच्या लोकांसाठी काही वेगळं आहे का? शिक्षिकांमध्ये हे प्रमाण बरंच आहे.

---

निवृत्त_लेखा

फार वेगळं आहे, आणि एका शब्दावर सगळं फिरतं.

१ नोव्हेंबर २००५ च्या आधी लागलेल्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम १९८२ लागू. त्यात 'राजीनामा' दिला की मागची सगळी सेवा जप्त होते. १८ वर्षं केली असोत की २८. तेच '२० वर्षांची पेन्शनयोग्य सेवा झाल्यावर स्वेच्छानिवृत्ती' मागितली, तर पेन्शन, उपदान (ग्रॅच्युइटी), सगळं मिळतं. त्यासाठी ३ महिन्यांची लेखी नोटीस लागते. घाबरलेल्या अवस्थेत "मी घरगुती कारणास्तव राजीनामा देत आहे" असं एक वाक्य लिहून देणारे असतात. अर्जात राजीनामा हा शब्द येऊ देऊ नका. विषयाच्या ओळीतच "नियम ६६ अन्वये स्वेच्छासेवानिवृत्तीची सूचना" असं लिहा. त्याआधी सेवापुस्तकावरून पेन्शनयोग्य सेवा किती ते आस्थापना शाखेकडून लेखी काढून घ्या. असाधारण रजा, म्हणजे बिनपगारी, स्वतःच्या वैद्यकीय प्रमाणपत्राशिवाय घेतली असेल तर ती पेन्शनयोग्य सेवेत धरत नाहीत. तुम्हाला वाटतं २० वर्षं झाली, आणि निघतात १९ वर्षं ५ महिने.

राजीनाम्याआधी वापरायच्या रजा: अर्जित, अर्धवेतनी, अर्धवेतनीचं पूर्ण पगारी रजेत परिवर्तन. राज्य सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना मूल १८ वर्षांचं होईपर्यंत एकूण १८० दिवस बालसंगोपन रजा आहे. पत्नी हयात नसलेल्या किंवा असाध्य आजाराने अंथरुणाला खिळलेल्या पुरुष कर्मचाऱ्यालाही ती मिळते. सासू-सासरे किंवा आईवडिलांच्या सेवेसाठी मात्र अशी वेगळी रजा नाही.

२००५ नंतरच्यांना एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन योजना). राजीनामा दिला तर जमा रकमेतल्या किमान ८० टक्क्यांची वार्षिकी (विमा कंपनीकडून ठरावीक पेन्शन) घ्यावी लागते, उरलेली हातात. पण खातं बंद करण्याची घाई नको. प्रान, म्हणजे एनपीएस खात्याचा क्रमांक, तोच राहतो, तो 'सर्व नागरिक' गटात वळवून घ्या आणि वर्षाला किमान १,००० भरून चालू ठेवा.

---

शाळामास्तर_पुसद

अपंग मुलासाठी नोकरी सोडणाऱ्या आईबापाने आणखी काय बघावं?

---

निवृत्त_लेखा

मुलाच्या पुढच्या आयुष्याचं. सरकारी पेन्शनरच्या अपंग, कमावू न शकणाऱ्या मुलाला कुटुंब निवृत्तिवेतन तहहयात मिळू शकतं, त्यासाठी त्याचं नाव आणि अपंगत्वाचं प्रमाणपत्र आईबाप जिवंत असतानाच कार्यालयात नोंदवून ठेवावं. ईपीएसमध्येही सदस्याच्या मागे कायमच्या व पूर्ण अपंग मुलाला वयाची अट न लावता पेन्शन आहे. ई-नॉमिनेशनमध्ये (पीएफ पोर्टलवरची वारसांची नोंद) कुटुंबाच्या यादीत त्याचं नाव भरायला विसरू नका. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) जिल्हा सामान्य रुग्णालयातून काढून ठेवा.

---

वैनगंगा

ज्यांचा कधी पीएफच कापला गेला नाही, वावरात मजुरी करणाऱ्या बाया, त्यांच्याबद्दल लिहिते.

आजारी माणसाला मिळू शकतं, सेवा करणाऱ्याला नाही, हे आधी लक्षात घ्या. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत ६५ च्या आतल्यांना महिना १,५०० मिळतात. ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांगांना २,५००. कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१,००० च्या आत, दिव्यांगांसाठी ५०,००० च्या आत, आणि १५ वर्षं महाराष्ट्रात राहिलेलं असावं. लकवा, कर्करोग, क्षयरोग असे दुर्धर आजारही यात बसतात. ६५ च्या पुढे श्रावणबाळ योजना. अर्ज तहसील कार्यालयात, संजय गांधी शाखेत. सोबत तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, वयाचा पुरावा, सरकारी दवाखान्याचं आजाराचं किंवा अपंगत्वाचं प्रमाणपत्र, आणि आधार जोडलेलं बँक खातं. पैसे आता थेट आधारशी जोडलेल्या खात्यात येतात, त्यामुळे दोन बँकांत खाती असतील तर आधार नेमका कुठल्या खात्याला जोडलाय ते बघा. "पैसे आलेच नाहीत" या तक्रारीत कित्येकदा पैसे दुसऱ्या बँकेत पडलेले असतात.

२१,००० ची मर्यादा किती खाली आहे ते बघा. वर हिशोब केलेली १,७१४ ची पेन्शनच वर्षाला २०,५६८ होते. बाकी घरात दोन-तीन दिवसांची मजुरी आली तरी मर्यादा ओलांडली.

सेवा करणाऱ्यासाठी कायद्यात एक धागा आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम २४ मध्ये, जास्त आधाराची गरज असलेल्या दिव्यांगांसाठी काळजीवाहू भत्त्याची तरतूद आहे. केरळमध्ये 'आश्वासकिरणम्' योजनेत पूर्णवेळ सेवा करणाऱ्याला महिना ६०० रुपये देण्याची सोय केली. ग्रामसभेत ठराव घेताना या कलमाचा उल्लेख करा.

---

पऱ्हाटी

आणि त्या बाईच्या स्वतःच्या म्हातारपणासाठी?

---

वैनगंगा

वय ४० च्या आत असेल तर अटल पेन्शन. ६० पासून महिना १,००० ते ५,००० खात्रीची पेन्शन, तिच्यामागे नवऱ्याला तेवढीच, दोघांनंतर वारसाला जमा रक्कम. ३० व्या वर्षी सुरू केलं तर १,००० च्या पेन्शनला महिना ११६, ५,००० ला ५७७. ३५ ला १८१ आणि ९०२. ४० ला २९१ आणि १,४५४. प्राप्तिकर भरणाऱ्यांना ऑक्टोबर २०२२ पासून प्रवेश नाही. हप्ता खात्यातून आपोआप कटतो, म्हणून खातं रिकामं राहिलं की दंड चढतो. कापूस विकल्यावरच हातात पैसा येतो अशा घरांनी मासिक ऐवजी सहामाही हप्ता घ्यावा.

श्रमयोगी मानधन या असंघटित कामगारांच्या पेन्शन योजनेत ६० नंतर ३,००० मिळतात, ३५ व्या वर्षी हप्ता १५०, आणि सरकार तेवढेच टाकतं. स्वस्त आहे, पण ईपीएफ, ईएसआय (कामगार विमा), एनपीएसच्या सदस्यांना चालत नाही. यूएएनवर जुनी सेवा ठेवलेल्या बाईने त्यात पडू नये, पुढे पात्रतेचा वाद निघू शकतो. अटल पेन्शनला ती अट नाही. म्हणून ईपीएसची सेवा राखून ठेवणं आणि जोडीला अटल पेन्शन, ही जोडी मला सगळ्यात भरवशाची वाटते.

४० च्या पुढे असेल तर एनपीएस, वर्षाला किमान १,०००, किंवा पीपीएफ, वर्षाला किमान ५००.

---

गाविलगड

लाडकी बहीणचे १,५०० येत असतील तर हप्ता त्यातूनच वळवता येईल. ती योजना वयाच्या ६५ पर्यंतच आहे, त्यामुळे तिला पेन्शन समजू नये.

---

पांदणवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. सूतगिरणीच्या उदाहरणाला पहिल्या आठवड्यात नेमकं काय करायचं, ते एकदा ओळीने लिहून द्या.

---

कपाशीचं_बोंड

सर्व्हिस हिस्ट्री उघडून रुजू झाल्याची तारीख आणि एनसीपीचे दिवस कागदावर उतरवा. ८ वर्षं ९ महिने म्हणजे एनसीपी वजा करून किती, ते आधी कळू द्या.

आधार, पॅन, बँक तिन्हींवर आणि यूएएनवर नाव अक्षरशः एकच आहे का बघा. नसेल तर नोकरीत असतानाच दुरुस्ती टाका.

ई-नॉमिनेशन भरा.

शिल्लक भरपगारी रजा किती, ते टाइम ऑफिसमधून लिहून आणा. आजारपणाचा अग्रिम फॉर्म ३१ ने मागा.

त्यानंतर राजीनाम्याचा विचार. द्यावाच लागला तर पोच घ्या, शेवटची पगारपावती आणि रुजू झाल्याचं पत्र यांच्या प्रती जपा. सलग ५ वर्षांच्या वर सेवा आहे, म्हणून ग्रॅच्युइटी लागू आहे. शेवटचा पगार × १५ ÷ २६ × वर्षं. १२,००० वर ९ वर्षांची ६२,३०७ येते, कारण ६ महिन्यांच्या वरचा तुकडा तिथेही वर्ष धरतात. ती मागितल्याशिवाय कोणी देत नाही, अर्ज लेखी करा.

दोन महिन्यांनी एग्झिटची तारीख लागली का बघा. गरज असेल तर, मुदत झाली की, पैशासाठी फक्त फॉर्म १९. १०सी भरलाच तर फक्त सर्टिफिकेटच्या पर्यायावर खूण.

आणि सर्टिफिकेट आलं की त्यावरची नावं आणि सेवेचा आकडा त्याच दिवशी तपासा. चूक असली तर शिबिराची २७ तारीख गाठा.